छायाचित्रातला घाट आणि रेषेतला माणूस

काशीच्या घाटाचे चित्र काढावयास बसलेल्या चित्रकारापुढे पहिली अडचण उभी राहते ती माणसांची. दगड जागचे हलत नाहीत. पायऱ्या, बुरूज, देवळांची शिखरे ही सारी तासन् तास आपली आपल्या जागी स्वस्थ असतात. पण पायरीवर उतरलेली बाई क्षणभरात गळ्याइतक्या पाण्यात गेलेली असते, नावाडी वल्हे मारून दृष्टीआड होतो, आणि वेताच्या भल्यामोठ्या छत्रीखाली बसलेला घाटियादेखील यजमान दिसताच उठून उभा राहतो. म्हणूनच की काय, काशीची चित्रे काढणाऱ्यांनी फार पूर्वीपासून कामाची एक वाटणी करून टाकलेली दिसते : स्थळ एका रीतीने टिपावयाचे आणि माणूस दुसऱ्या रीतीने. संगणकावर एखाद्या छायाचित्राची पार्श्वभूमी घेऊन तिच्यावर हाताने रेखाटलेली पात्रे बसविण्याची जी कला आज तरुण चित्रकारांत रूढ झाली आहे, तिचे कौतुक करताना किंवा तिला नावे ठेवताना ही जुनी वाटणी ध्यानात घेतलेली बरी.

टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे इंग्रज चित्रकार १७८६ साली कलकत्त्यास उतरले आणि पुढची सातएक वर्षे त्यांनी हिंदुस्थानभर चित्रे काढीत काढली. त्यांच्या सामानात ‘कॅमेरा ऑब्स्क्यूरा’ नावाचे एक यंत्र असे. यंत्र म्हणजे एक अंधारी पेटी. तिच्या भिंगातून समोरच्या देखाव्याची प्रतिमा आत कागदावर पडे आणि चित्रकार तिच्यावरून पेन्सिल फिरवी. रसायनांची फोटोग्राफी अद्याप जन्मास यावयाची होती. पण भिंगाने टिपलेले स्थळ आणि हाताने भरलेला माणूस ही जोडी मात्र तेव्हाच जमली, कारण पेटीतल्या प्रतिमेत चालता माणूस पकडता येत नसे. तो मागाहून, वेगळ्या टिपणावरून, चित्रात आणून बसवावा लागे. ‘ओरिएंटल सीनरी’ या नावाने १७९५ ते १८०८ या काळात त्यांची जी १४४ चित्रे लंडनमध्ये छापून निघाली, त्यांत काशीचा दशाश्वमेध घाट आहे.

पुढे खरीखुरी फोटोग्राफी आली तेव्हा माणसांची अडचण मिटेल असे वाटले असेल. प्रत्यक्षात ती वाढली. सॅम्युएल बोर्न हा छायाचित्रकार १८६३ पासून काही वर्षे हिंदुस्थानात होता आणि त्याने काशीही टिपली. त्या काळच्या काचेला प्रकाश पुरेसा लागावा म्हणून भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात जो हलला तो धूसर झाला आणि जो चालत गेला तो मुळी उमटलाच नाही. त्यामुळे जुन्या छायाचित्रांतले घाट पुष्कळदा ओसाड वाटतात. ते तसे नव्हते, हे सांगावयास चित्रकारांची चित्रेच साक्षीला घ्यावी लागतात.

याच शतकात काशीच्या बाजारात आणखी एक वस्तू मिळत असे आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच सर्वांत मोलाची आहे. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर रंगविलेली लहान लहान चित्रे पाटणा, मुर्शिदाबाद, काशी येथील कारागीर तयार करीत, आणि परदेशी प्रवासी ती आठवण म्हणून नेत. पाणक्या, भोई, शिंपी अशी नाना व्यवसायांची माणसे त्यांत असत. या अभ्रकचित्रांचा एक मोठा गमतीचा प्रकार होता. खाली एक जाड कागद. त्यावर देखावा आणि एक चेहरा रंगविलेला. सोबत अभ्रकाचे अनेक पारदर्शक पापुद्रे. त्या प्रत्येकावर निराळा पोशाख, पण चेहऱ्याची जागा कोरी. एक पापुद्रा ठेवला की तो चेहरा शिपायाचा होई, दुसरा ठेवला की फकिराचा. देखावा मात्र तोच. पार्श्वभूमी एकदा करावी, पात्र वेगळ्या पारदर्शक थरावर करावे आणि थर एकमेकांवर ठेवून चित्र पुरे करावे ही ती कल्पना. अमेरिकेत अर्ल हर्ड याने १९१५ साली चलच्चित्रांसाठी पारदर्शक सेल्युलॉइडच्या वापराचे पेटंट मिळविले, आणि १९९४ साली ‘फोटोशॉप’ या संगणकीय साधनात ‘लेअर’ म्हणजे थर आले. या दोघांनी अभ्रकावरून धडा घेतला असे म्हणण्यास आधार नाही, पण युक्ती मात्र तीच.

हीच वाटणी उलटीही होऊ शकते. म्हणजे माणूस छायाचित्रातला आणि स्थळ रंगविलेले. नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी श्रीनाथजीच्या रंगविलेल्या चित्रात भक्ताचा छायाचित्रातून कापलेला चेहरा चिकटविण्याची रीत पाडली होती. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. त्यातल्या कथेचा शेवट काशीस होतो, पण फाळके यांची मंडळी त्यासाठी काशीस गेली नव्हती. दादरच्या जागेत आणि बाहेरगावच्या मोकळ्या मैदानी त्यांनी आपली काशी उभी केली. खऱ्या काशीस ते सहकुटुंब जाऊन राहिले ते पुढे, चित्रपटाच्या धंद्यातील भागीदारांशी मतभेद होऊन मन विटल्यावर. आणि तेथे त्यांनी लिहिले ते ‘रंगभूमी’ नावाचे नाटक. कॅमेरा घेऊन काशी रंगविणारा माणूस काशीत पोहोचल्यावर कॅमेरा बाजूला ठेवतो, हा योगायोग मोठा विलक्षण खरा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. छायाचित्रावर ठेवलेले रेखाटलेले पात्र पुष्कळदा तेथे ‘उभे’ राहत नाही. ते वरून चिकटविल्यासारखे, किंवा हवेत लोंबकळल्यासारखे दिसते. असे का व्हावे? नवशिक्या चित्रकाराला वाटते की कडा नीट कापली गेली नाही. तो कडा गुळगुळीत करीत बसतो. खरे कारण बहुधा निराळेच असते. छायाचित्र घेणारा जेथे उभा होता तेथे पात्र काढणारा मनाने उभा राहिलेला नसतो.

समजा, नावेत बसून घाटाचे छायाचित्र घेतले आहे आणि भिंग पाण्याच्या पातळीपासून सुमारे तीन फूट उंच आहे. क्षितिजाची रेषा नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर असते. त्यामुळे पाण्याच्या काठाशी, अगदी खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेच्या आसपासून ही रेषा जाईल. तो माणूस दहा हातांवर असो वा शंभर हातांवर, तो लहान दिसेल किंवा मोठा दिसेल, पण रेषा कमरेतूनच जाईल. हा नियम एकदा मनात बसला की पात्र किती मोठे काढावे याचा अंदाज करीत बसण्याचे कारण उरत नाही. उलट जो दहा पायऱ्या वर उभा आहे, त्याची पावलेदेखील क्षितिजरेषेच्या वर असली पाहिजेत. त्याच्याकडे आपण मान वर करून पाहात आहोत. अशा ठिकाणी चित्रकाराने पावलांचा वरचा भाग पसरट दाखविला, म्हणजे वरून पाहिल्यासारखा काढला, की पात्र तत्काळ घसरू लागते. काशीच्या घाटाची एक सोय अशी की तेथे मोजपट्टी दगडात कोरलेलीच आहे. एका पायरीची उंची साधारण एक वीत धरली, तर उभा माणूस सातआठ पायऱ्यांएवढा होतो. तो ज्या पायरीवर उभा आहे तेथल्या पायऱ्या मोजाव्यात म्हणजे झाले.

दुसरी गोष्ट प्रकाशाची, आणि या बाबतीत काशीसारखा शिक्षक दुसरा नाही. गंगा येथे दक्षिणेकडून उत्तरेकडे वळून वाहते. सर्व घाट तिच्या पश्चिम तीरावर आहेत आणि त्यांची तोंडे पूर्वेकडे आहेत. समोरच्या तीरावर वाळवंट. म्हणून सकाळी नावेतून घाटाकडे पाहिले तर सूर्य आपल्या पाठीशी असतो. चुनारच्या दगडावर तो सरळ पडतो आणि सारा घाट पिवळसर उजळतो. याच वेळी घाटावरून नदीकडे पाहिले तर समोरची माणसे आणि नावा काळ्या आकृती होतात. दुपार टळली की सूर्य इमारतींच्या मागे जातो आणि घाट स्वतःच्याच सावलीत बसतो. असे असताना पात्राला डावीकडून कोठूनतरी प्रकाश देऊन मोकळे होणे म्हणजे त्या पात्रासाठी दुसरा सूर्य उगवविण्यासारखे आहे.

सावलीचे काम तर याहून नाजूक. सकाळच्या तिरप्या उन्हात सपाट मैदानावर माणसाची सावली लांबच लांब पडते. घाटावर तसे होत नाही. सावली मागच्या चढत्या पायऱ्यांवर पडते आणि तेथे तिची घडी होते : पायरीच्या माथ्यावर ती आडवी निजते, पायरीच्या उभ्या अंगावर उभी राहते, पुन्हा निजते, पुन्हा उभी राहते. आणि जमीनच चढत गेल्यामुळे ती मैदानावरच्यापेक्षा आखूडही होते. ही घडी जो काढील त्याच्या पात्राला पायरीवर उभे राहण्याचा हक्क मिळाला असे समजावे. संगणकावर अशी सावली वेगळ्या थरावर काढून तो थर ‘मल्टिप्लाय’ या रीतीने खालच्या छायाचित्रात मिसळतात. त्यामुळे दगडाचा पोत सावलीतूनही दिसत राहतो. मात्र सावलीसाठी शुद्ध काळा रंग घेऊ नये. उघड्या आकाशाखालच्या सावलीत निळसर छटा असते. ती त्याच छायाचित्रातल्या एखाद्या खांबाच्या सावलीतून उचलावी. तळपाय जेथे दगडाला टेकतो तेथे एक अगदी बारीक, गडद रेघ असते. ती राहून गेली की बाकीची सर्व मेहनत फुकट जाते. पायरी ओली असेल तर सावलीबरोबर प्रतिबिंबही आलेच.

पौष महिन्यातल्या धुक्यात मात्र या साऱ्यातून चित्रकाराची सुटका होते. सावल्याच नाहीशा होतात. दूरचे सारे फिके आणि पाणी-आकाश एक. तेव्हा पात्राचा काळा रंगदेखील अंतराप्रमाणे फिका करावा, एवढेच पाहावे लागते. छायाचित्राचा रवा आणि भिंगाची धूसरता पात्रालाही लावावी, हे सांगण्याची आता गरज नाही. साधने ते काम जवळजवळ आपणहून करतात.

या कामात माणसाने किती कष्ट घ्यावेत याचा एक दाखला १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’ या चित्रपटाचा आहे. त्यात खरी माणसे आणि खऱ्या खोल्या छायाचित्रित केलेल्या आणि ससा तेवढा रेखाटलेला. रिचर्ड विल्यम्स यांच्या देखरेखीखाली सशाच्या अंगावरचे उजेड आणि छाया स्वतंत्र थरांवर हाताने काढून प्रत्येक चौकटीत मिसळल्या गेल्या. एका प्रसंगात टांगलेला दिवा धक्का लागून झोके घेऊ लागतो आणि त्याबरोबर सशावरची छायाही हलत राहते. दिवा स्थिर ठेवला असता तर कोणाचे काही अडले नसते. पण तो हलला म्हणूनच ससा त्या खोलीत आहे अशी खात्री पटते.

येथे एक शंका येईल. प्रकाश जुळला, उंची जुळली, तरी पात्राला बाह्यरेषा आहे आणि छायाचित्राला नाही, त्याचे काय? सृष्टीत कोणत्याही वस्तूभोवती शाईची रेघ नसते. याचे उत्तर असे की ही विजोडता लपविण्याची गरजच नाही. बेल्जियमचे चित्रकार एर्झे यांच्या टिनटिनच्या कथांत चेहरा दोनचार रेषांचा आणि मागचे शहर मात्र बारकाव्यांनी भरलेले असते. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली चित्रकथेवर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात याची मीमांसा केली आहे : साध्या चेहऱ्यात वाचक स्वतःला सहज ठेवू शकतो आणि तपशीलवार जगात मग स्वतःच हिंडू लागतो. छायाचित्राच्या पार्श्वभूमीवर हा परिणाम अधिकच तीव्र होतो. रेषा कबुली देते की मी काढलेली आहे. ज्या चित्रात खरे-खोटे बेमालूम मिसळलेले असते त्यापेक्षा अशी कबुली देणारे चित्र अधिक सरळ मनाचे.

पण छायाचित्र अशी कबुली देत नाही, आणि खरा धोका तेथे आहे. रेखाचित्रात चित्रकाराने घातले तेवढेच असते. छायाचित्र न मागितलेलेही सारे घेऊन येते. उदाहरणार्थ, एखाद्या चित्रकाराला अहिल्याबाई होळकरांची कथा मुलांसाठी चित्रांत सांगावयाची आहे. अहिल्याबाईंचे देहावसान १७९५ साली झाले. त्याने आजच्या घाटाचे सुंदर छायाचित्र घेतले आणि पुढे बाईंची सुबक आकृती काढली. विजेच्या तारा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाट्या त्याने पुसून टाकल्या. तेवढे कोणीही पुसतो. पण मागे शिंदे घाट दिसत असेल तर तो बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधविलेला आहे. विश्वनाथाच्या शिखरावरचे सोने महाराजा रणजितसिंहांच्या काळचे. अहिल्याबाईंनी उभारलेल्या मंदिरावर त्यांच्या हयातीत ते नव्हते. नदीकडून वर मंदिरापर्यंत गेलेला प्रशस्त मार्ग तर डिसेंबर २०२१ मध्ये खुला झाला. उलट जे अहिल्याबाईंच्या वेळी निश्चित होते ते आजच्या छायाचित्रात नाही. पंचगंगा घाटावरच्या मशिदीचे दोन उंच मनोरे जुन्या प्रत्येक चित्रात आकाश भेदून उभे दिसतात. लोक त्यांना ‘माधवरावाचा धरहरा’ म्हणत. त्यांतला एक १९४८ साली कोसळला आणि दुसरा पुढे सुरक्षिततेसाठी उतरविला गेला.

म्हणजे पात्र काल्पनिक आहे हे मुलाला कळेल, पण मागची काशी खरी आहे असे तो धरून चालेल. पात्राच्या नाकडोळ्यांत चूक झाली तर ती चित्रकाराची चूक ठरते. पार्श्वभूमीतली चूक मात्र इतिहास म्हणून मनात बसते. यासाठी जुन्या काळच्या कथेला आजचे छायाचित्र घेऊच नये असे कोणी म्हणेल. तेवढे कठोर होण्याचे कारण नाही. घाटाची वळणे, पायऱ्यांचा चढ, दगडाचा रंग, पाण्यावरचा उजेड हे सारे छायाचित्राकडून घ्यावे. इमारतींची आकाशरेषा मात्र जुन्या चित्रांशी ताडून हाताने काढावी. जेम्स प्रिन्सेप हा काशीच्या टांकसाळीतला अधिकारी १८२० ते १८३० अशी दहा वर्षे तेथे होता आणि त्याने शहराची फार काळजीपूर्वक चित्रे काढून ठेवली आहेत. हाताने काढलेला भाग हाताने काढल्यासारखाच दिसू द्यावा, म्हणजे पाहणाऱ्यास कोठवर विश्वास ठेवावा ते कळते.

छायाचित्र दुसऱ्याचे असेल तर त्याची परवानगी घेणे हे ओघानेच आले. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यान्वये छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि वर आपले पात्र काढल्याने खालचे छायाचित्र आपले होत नाही. बोर्नची छायाचित्रे या मर्यादेच्या केव्हाच पलीकडे गेली आहेत. त्यांतले ओसाड घाट नव्या पात्रांना मोकळे आहेत.

आजच्या छायाचित्रात मात्र घाट ओसाड नसतो. भिंग क्षणाच्या सूक्ष्म भागात उघडते आणि मिटते, आणि त्यात स्नान करणारी बाई, न्हाव्यापुढे डोके देऊन बसलेला मुलगा, मणिकर्णिकेवर बापाला अग्नी देऊन परतणारा माणूस हे सगळे चेहऱ्यांसकट सापडतात. मणिकर्णिकेवर छायाचित्रे घेऊ नयेत असे तेथले लोक बजावतात, ते याच माणसासाठी. तो कोणाच्या कथेची पार्श्वभूमी होण्यास आलेला नसतो. अनेक चित्रकार अशा माणसांना सरसकट पुसून टाकतात आणि रिकाम्या झालेल्या पायऱ्यांवर आपली चार पात्रे उभी करतात; मग घाट पुन्हा बोर्नच्या घाटासारखा ओसाड होतो. यापेक्षा बरी एक रीत काही जण वापरतात. छायाचित्रातल्या प्रत्येक माणसावर एक कोरा थर ठेवून त्याच्या जागी ते रेषेचा माणूस काढतात. बाईच्या साडीचा रंग, तिच्या खांद्यांचा वाक, ओंजळीतून गळणारे पाणी आणि पायरीवर घडी पडलेली तिची सावली छायाचित्रातून घेतात. चेहरा घेत नाहीत. त्यासाठी एका चित्राला चारपाच दिवस अधिक लागतात.